सासूबाईंचा गुडघा आणि ढोबळी मिरची

आमच्या ह्यांना बागेचा नाद लागला तेव्हा मी आधी देवाचे आभार मानले. त्याआधी कॅरमचा नाद होता आणि घरभर पावडर पुसून माझी कंबर गेली होती. झाडं निदान अंगणात राहतील, असं मला वाटलं. इथेच मी फसले.

ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्राचा भाऊ परदेशातून आला. त्याने लाल-पिवळ्या ढोबळी मिरचीच्या बियांचं पाकीट दिलं आणि सोबत बागकामाचं एक गुळगुळीत मासिक. त्यात एक गोरी बाई पारदर्शक झाकणाची पेटी घेऊन हसत उभी होती. पेटीच्या तळाशी विजेची ऊब, वर माती आणि मातीत कोंब. खिडकीबाहेर बर्फ. आमचे हे त्या पानाकडे असे बघत बसायचे की पेटीचं कौतुक चाललंय की बाईचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहापूरला आमचं घर माहुलीच्या अंगाला. पौषात पहाटे डोंगरावरून असा गारठा उतरतो की खोबरेलाची बाटली दगड होते. ह्यांनी कुंडीत टाकलेल्या पहिल्या बिया मातीतच कुजल्या. मग ह्यांनी जाहीर केलं, "मिरचीच्या बीला ऊब लागते. आपण पेटी करायची."

सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "आमी शेतात पाला जाळून राब भाजला रे, पन पेरायच्या आधी. पेरलेलं बी शेकणारा तूच पयला."

पहिली पेटी आंब्याची होती. मुरबाड रस्त्यावरच्या एका पोल्ट्रीत पिल्लांना दिव्याखाली ठेवतात ते हे बघून आले. तिथूनच अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मागून आणले, त्यांच्या खळग्यांत माती भरली, वर शंभरचा दिवा टांगला. संध्याकाळपर्यंत मातीचा पापड झाला. सकाळी बघतो तर शेजारच्या वयनींची कोंबडी पेटीत शिरून, माती उकरून, डोळे मिटून बसलेली.

वयनी तिला शोधत आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय गो, माझ्या कोंबडीला लाइट लावून बसवलीस व्हय?"

ह्यांनी पेटीचा विषय संपवला, पण नादाचा नाही. रविवारी मला घेऊन कल्याणला गेले, माशांच्या दुकानात. काचेच्या टाकीत पाणी कोमट ठेवायला एक विजेची कांडी मिळते, ती ह्यांना हवी होती. दुकानदाराने आदराने विचारलं, "मासे कुठले आहेत आपल्याकडे?"

"ढोबळी मिरची," हे म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी टाकीतल्या सोनेरी माशाकडे बघत राहिले. त्याचंही तोंड उघडंच होतं.

ही युक्ती मात्र चांगली होती, हे मान्य करायला हवं. मोठ्या घमेल्यात पाणी, पाण्यात कांडी, मधे विटा आणि विटांवर बियांचा ट्रे. हात लावला तर माती छान कोमट. हे चहाचा कप घेऊन तिथेच उकिडवे बसायचे.

पण त्या घरात अजून एकाला ऊब हवी होती. सासूबाईंचा उजवा गुडघा थंडीत आखडायचा. एका सकाळी हे ड्युटीवर गेल्यावर त्यांना कोपऱ्यात आयतं ऊन पाणी दिसलं. त्यांनी ट्रे अलगद बाजूला ठेवला, कांडीचं बटण बंद केलं आणि तांब्या तांब्या करून ते पाणी गुडघ्यावर ओतून घेतलं. मग ट्रे जागेवर ठेवून बटण परत चालू केलं. अगदी जबाबदारीने. घमेल्यात पाणी भरायचं तेवढं राहिलं. कोरडी कांडी तापली आणि टचकन फुटली.

संध्याकाळी हे काचा गोळा करत म्हणाले, "आई, तुला पाणी तापवून हवं होतं तर हिला सांगायचं."

"हिला कशाला तरास? तुज्या मिरच्यांसाठी तापलंच होतं ना."

हे पुन्हा काचा वेचायला लागले. पण आईचा गुडघा इतका दुखतोय हे आपल्याला कळलंच नाही, ह्याची ह्यांना लाज वाटली असावी. दुसऱ्या दिवशी येताना औषधाच्या दुकानातून शेकायची विजेची पट्टी घेऊन आले. सासूबाईंनी ती बोटानेही शिवली नाही. "करंट लागंल. मला मारतोस काय रे?"

पट्टी दोन-तीन दिवस खुंटीवर लटकली. मग काय होणार ते उघडच होतं. ह्यांनी ती जमिनीवर पसरली, वर जाड प्लास्टिक, प्लास्टिकवर नवा ट्रे. दुधाच्या पिशव्या कापून ट्रेवर झाकण केलं. आणि थोड्या दिवसांनी मातीतून एक पांढरी मान वाकडी होऊन वर आली. मागून दुसरी, तिसरी. मी पोळ्या टाकून बघायला धावले.

सासूबाईही आल्या. कोंबांकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. "ह्या कोंबांना लागला नाय करंट?"

"नाही."

"मग आण ती हिकडं. माज्या नावाची हाय."

असं भांडण मी त्या घरात आधी बघितलं नव्हतं. हे म्हणत, कोवळे कोंब आहेत, गारठ्यात मरतील. त्या म्हणत, माजा गुडगा कवळा नाय म्हणून काय झालं? शेवटी कंटाळून मीच म्हटलं, "दोघांना एकदम शेका."

माझी थट्टा दोघांनीही मनावर घेतली. ओटीवर सासूबाई पाय पसरून बसायच्या. गुडघ्यावर पट्टी, पट्टीवर प्लास्टिक आणि वर मिरच्या. सकाळची उन्हं आली की ट्रे उन्हात, पट्टी गुडघ्यावर. उन्हं गेली की ट्रे पुन्हा मांडीवर. रोज लाइट जायची, तेव्हा त्या स्वतःसकट सगळ्यावर गोधडी ओढून घ्यायच्या. अशाच एकदा वयनी आल्या आणि गोधडीचा उंचवटा बघून दारातच थबकल्या.

"काय झालं काकी?"

"पोटुशी हाय गो," सासूबाई म्हणाल्या. "सातवा चाललाय. बापाचं नाव इचारू नको."

मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला. हे बाहेर येऊन रोपांना पाणी शिंपडत म्हणाले, "आई, जरा शोभेल असं बोल." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

थंडी ओसरली तशी रोपं कुंड्यांत गेली. फुलं आली, मिरच्या धरल्या. मोठ्या झाल्या, पण हिरव्याच. हे रोज बोट दाबून बघायचे, मित्राला लाल दाखवीन, पिवळी दाखवीन म्हणायचे. सासूबाईंना हे लाड असह्य झाले. एका दुपारी त्यांनी विळी घेतली, सगळ्या मिरच्या खुडल्या, बेसन भरून परतल्या आणि संध्याकाळी ह्यांच्या ताटात वाढल्या.

ह्यांचा घास हातातच राहिला. "आई! लाल होणार होत्या त्या!"

"तिकट तरी नायत मेल्या. नुसतं पानी." त्यांनी अजून एक वाढली. "खा."

हे तोंड वाकडं करून जेवले. भाजी मात्र पुन्हा मागून घेतली.

मी भांडी घासायला उठले तेव्हा सासूबाई ओटीवर मिरच्यांतलं काढलेलं बी राख लावून सुपात पसरत होत्या. "पुढल्या थंडीला डावा गुडगा हाय," म्हणाल्या. "एक पट्टी अजून आण रे."

हिरव्या मिरचीतलं कच्चं बी उगवत नाही, हे ह्यांनी त्या मासिकातच वाचलेलं होतं. ते सुपाकडे बघत राहिले, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आणतो."