बी.कॉम.मधलं बी

सिहोऱ्याच्या बाजूच्या त्या गावात कॉलेजात जाणारा खुशाल पहिलाच. बी.कॉम. हा शब्द गावाला पेलला नाही. लोक त्याला 'बेकाम पोट्टा' म्हणत आणि हसत. पण अडलं-नडलं की सल्ल्याला त्याच्याच ओसरीवर येत. त्यामुळे पठ्ठ्याची मान भलतीच ताठ झाली होती.

शहात्तरच्या उन्हाळ्यात गावचा तलाव आटला. मासे धरून झाले, बांधाच्या पाळीजवळचा डोह तेवढा राहिला. त्यात जाळं टाकायचं नाही, ही रीत. त्याला म्हणतच 'बियाचं पाणी'. पावसात तलाव भरला की त्याच बियावर पुन्हा गावभर मासे. पण शाळेवर कौलं हवी होती, आणि खुशाल नुकताच परीक्षा देऊन आला होता.

"डोहातला माल पडून आहे," तो चावडीवर म्हणाला. "पडून राहिलेला माल म्हणजे तोटा. पुस्तकात लिहून आहे."

शेजारच्या गोदावरीबाईनं विचारलं, "अन् बी रे?"

"बी बाजारात भेटते, काकी."

तलावाचा कारभार भय्याजींकडे. ते म्हणाले, "शिकलेला पोट्टा आहे बाप्पा, त्याले नाही समजणार तं कोणाले?" डोह उपसला, कौलं आली. पावसात तलाव काठोकाठ भरला आणि रिकामाच राहिला. बाजारचं बी आणून सोडलं, तेही तगलं नाही. दोन वर्षं गावाच्या ताटात मासळी नव्हती.

कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. गोदावरीबाई तेवढी एकदा म्हणाली, "बी कॉम शिकला, अन् बीच इकून बसला." खुशालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नपत्रिकेतलं नावापुढचं बी.कॉम. त्यानं स्वतः छापखान्यात जाऊन काढायला लावलं.

"काहून रे?" भय्याजींनी विचारलं.

"जागा कमी पडून राहिली होती," तो म्हणाला.

पुढं एम.कॉम. करून तो तुमसरला कॉलेजात शिकवू लागला. धंद्यानं आपलं बी खाऊ नये, हा धडा पुस्तकात नव्हता. तो दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचा. "एका गावात एक दीडशहाणा होता..." पोरं पोट धरून हसत. खुशालसरही हसत. तेवढ्यापुरतं प्रायश्चित्त झाल्यासारखं वाटे.

शहाऐंशी साली असंच हसणं चाललं असताना मागून कुणी विचारलं, "सर, गाव कोणतं?"

"नागपूरकडलं एक," सर म्हणाले. "तुम्हाला माहीत नसणार."

पहिल्या बाकावरची एकच मुलगी हसत नव्हती. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

"सर, मी ललिता. गोदावरीबाईची नात."

त्यांचा चेहरा उतरला.

"आजीनं विचारायला सांगितलं आहे, सर आपल्या तलावाचं पोरायले सांगतात का म्हणून." ती खाली मान घालून म्हणाली, "तिले काय सांगू?"

खुशालसर फळा पुसायला वळले आणि डस्टर शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं.