डाव्या डोळ्याची सूज आणि हातावरचा लेप

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून माझा डावा डोळा पाहिला आणि सांगितलं, "युव्हिआयटिस." म्हणजे बुबुळाच्या आत आलेली सूज. उपचार लांबले तर नजर जाऊ शकते.

मी आठवडाभर कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात उडणाऱ्या रुईला दोष देत होतो. कापूस खरेदीच्या बातम्यांसाठी यवतमाळात रोज तिथंच असायचो.

"रुई बाहेरून खुपते. हे आतून आलंय," त्या म्हणाल्या. "कारण रक्तात शोधावं लागेल."

थेंब लगेच सुरू झाले. रक्त दिलं, छातीचा एक्स-रे काढला. तरी सूज पुरेशी उतरेना. स्टेरॉइडच्या गोळ्या हव्या होत्या. पण शरीरात क्षयरोग दडलेला असेल तर त्यांनी तो भडकतो. म्हणून आधी मॅन्टू टेस्ट. हाताच्या कातडीत बारीक सुईनं क्षयाच्या जंतूंतलं प्रथिन टोचायचं आणि तिथं किती मोठी कडक गाठ येते, ते तिसऱ्या दिवशी मोजायचं; मोठी गाठ म्हणजे क्षयाची शंका.

तिसऱ्या दिवशी मी बाही वर केली आणि लॅबवाल्यानं मोजपट्टी खाली ठेवली. हातावर हळद-चुन्याचा वाळलेला लेप होता. खालची कातडी फुगली होती. फुगवटा टेस्टचा की चुन्याचा, सांगता येईना.

"सुजलं दिसलं, मंग लावला," सोबत आलेली आई म्हणाली. "तू दुनियाले इचारत फिरतं. घरी काहून नाही सांगत?"

मी सांगितलं नव्हतं. लेपासाठी हातही मीच पुढे केला होता.

दुसऱ्या हातावर पुन्हा टोचलं. आणखी तीन दिवस. डाव्या डोळ्यानं कॅलेंडरवरचे आकडे दिसत नव्हते.

गाठ आली नाही. एक्स-रेही स्वच्छ होता. गोळ्या सुरू झाल्या.

मग नागपूरहून एचएलए-बी२७ चा रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह. ही रक्तातली जन्मजात खूण; ती असलेल्या काहींना डोळ्याची आणि पाठीच्या कण्याची सूज येते.

"सकाळी कंबर आखडते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तीन वर्षं आखडत होती. त्याचा दोष मी मोटारसायकलला दिला होता.

हा आजार जात नाही, आटोक्यात राहतो. कारण कळल्यावर मला हलकं वाटलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी डोळा लाल होताच दाखवावा, आणि कोणती टेस्ट कशासाठी, हे घरी सांगावं.

सहाव्या आठवड्यात मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. आई बाहेर बाकावर होती.

"दिसून राह्यलं का रे?"

"दिसते."

"मंग आता कमरेले लेप लावू का?"

"बाईंना विचारू."

ती तोवर उठून विचारायला आत गेली होती.