अजून हाय का?

बोरी बुद्रुकच्या स्टँडवर मी चहा पीत होतो, तेव्हा तो पावणा एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात राखेची पुडी देत होता, अगदी अंगारा द्यावा तशी.

तो भूशास्त्रज्ञ होता. नव्वदच्या दशकात दर हिवाळ्यात तो कुकडीकाठी यायचा. तिथं फार जुन्या ज्वालामुखीची राख मातीत मिसळून पडली आहे. त्या काळी इथं कोणती झाडं होती, हे मात्र त्याला त्या मातीतून वाचता येत नव्हतं. ते पुण्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका बाईंना येत होतं. म्हणून तो पुड्या पाठवायचा आणि संध्याकाळी पुण्याहून येणाऱ्या गाडीला, बाईंच्या निरोपासाठी, माहेरी न्यायला येणाऱ्या मुराळ्याची वाट बघणाऱ्या सासुरवाशिणीसारखा उभा राहायचा. ड्रायव्हर नुसती नकाराची मान हलवायचा.

चहावाला म्हणायचा, "राव, ह्या राखंनं आमी भांडी घासतो. बाई बी तेच करत आसंल."

पावणा हसायचा. "माझ्याकडं अर्धीच गोष्ट आहे हो. उरलेली त्यांच्याकडं आहे."

एका संध्याकाळी ड्रायव्हरनं खिडकीतून सांगितलं, "बाई इचारत्यात, अजून हाय का?"

पावण्यानं चष्मा पुसला.

"काय सांगू, पावणं?"

"पुष्कळ आहे, या म्हणावं."

गाडी गेली, तरी तो पुण्याच्या रस्त्याकडंच बघत राहिला.