वीस नावांची सातवी

आमच्या साडभाऊंनी उभ्या जन्मात एकही आकडा नुसता आकडा म्हणून पाहिला नाही. मी कारकून माणूस. सेलूच्या कचेरीत वर्षानुवर्षं तक्ते भरले, उभ्या-आडव्या बेरजा ताडून पाहिल्या. पण माझा आकडा कागदावरच थांबायचा. त्यांचा उठून चालू लागायचा, त्याचं नाक वाहत असायचं आणि त्याच्या बापाचं नावही त्यांना ठाऊक असायचं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सिंदीजवळच्या आमच्या खेड्यात, पहिली ते सातवीच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, म्हणून मीही.

लग्नाच्या पंगतीत बसले की गुरुजी आधी समोरची मुलं मोजत. "दोन दुसरीतले, एक चौथीतली, आन् तो जिलबीवाला तं अजून दाखलच नाई," असं पुटपुटत ते हात न धुताच उठत आणि जिलबीवाल्याच्या आईला गाठून त्याची जन्मतारीख विचारत. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि "सहा वर्षांनी जूनमंधी पयली" असं म्हणून खिशातल्या वहीत टिपून घेतलं. पुढे मी तिला सिंदीच्या कॉन्व्हेंटात घातलं. गुरुजींनी वही काढली. वहीत तिच्या नावापुढे 'बाहेर' असं लिहिलं आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला. तो कोरा रकाना मला अजून टोचतो.

शाळेच्या कचेरीतला फळा रोज सकाळी ते स्वतः लिहीत. मुलगे, मुली, अनुसूचित जाती, जमाती, भटके, इतर मागास, बाकीचे. पट किती, हजर किती. रकाने सरकारने आखलेले, पण कुठल्याही आकड्यावर बोट ठेवा, गुरुजी नावं सांगत. टक्केवारीचा मात्र त्यांना मनस्वी राग. "टक्के लिवले का मानूस दिसेनासा होते, साडभाऊ."

दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की फळ्यावरचा 'हजर' खाली घसरे, कारण निम्मी मुलं शेतात जात. मग गुरुजी दुपारच्या सुट्टीत हजेरीपट घेऊन सायकलवर निघत आणि शेताच्या बांधावर उभे राहून नावं पुकारत. कपाशीतून "हजर, गुरुजी!" असे आवाज येत आणि गुरुजी त्या प्रत्येकापुढे काळजीपूर्वक गैरहजेरीची खूण करत.

"गैरहजरच मांडायचं तं पुकारता काऊन?" मी एकदा विचारलं.

"हजर म्हंजे शाळेत हजर. पन त्याइले मालूम असलं पाह्यजे ना, का आपल्याले कोनी मोजून राह्यलं."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका वेचणीत खरा पेच आला. वीसपेक्षा कमी मुलं असतील तर सातवीचा वर्ग बंद करू, असं वरच्या साहेबांनी कळवलं आणि मोजायला यायचा दिवसही ठरवला. वर्ग बंद म्हणजे मुलांना सिंदीपर्यंत पायपीट. मुलींना तर कोणी पाठवणारच नव्हतं. त्यांची शाळा सहावीत संपली असती. सातवीचा पट नेमका वीस होता. त्याच आठवड्यात वनिताच्या बापाने अर्ज देऊन तिचं नाव काढून घेतलं. आई वेचायला जाणार, मग धाकट्या बहिणीला सांभाळणार कोण? राहिले एकोणीस.

सहायक शिक्षक म्हणाले, "गुरुजी, नाव राहू द्या ना पटावर. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो ना," गुरुजी म्हणाले आणि तांबड्या शाईने नाव काढलं.

त्या दुपारी मीही त्यांच्यासोबत बांधावर होतो. सगळी नावं पुकारून झाल्यावर गुरुजींनी आणखी एक पुकारलं, "वनिता!"

कपाशीतून तिची आईच उठून उभी राहिली. "तिचं नाव तं काटलं ना, गुरुजी?"

"काटलं. पन पुकारतानी त्या नावावर जीभ थांबते ना, बाई."

"मंग लहानीले कोन पाहीन?"

"तिलेबी धाडजो. बसू दे वर्गात."

बाईने आणखी दोन बोंडं वेचली. मग ओच्यातला कापूस चादरीवर टाकत म्हणाली, "दूध सांडीन ते पोट्टी तुमच्या वह्यायवर."

"सांडू दे."

साहेब आले त्या दिवशी वेचणीला जाणारी मुलंही शाळेत आली आणि वनिता कडेवर बहीण घेऊन आली, तिचं नाव पुन्हा दाखल झालं. साहेबांनी डोकी मोजली. एकवीस भरली. "एक जास्त कशी?"

"ती छोटी पटावर नाही, साहेब," गुरुजी वही काढून म्हणाले. "तिला चार वर्षं अवकाश आहे. नोंद केलेली आहे."

सातवी वाचली. उन्हाळ्यात निकालाच्या वेळी तेच साहेब कुरकुरले, "शेजारच्या शाळांचा निकाल शंभर, तुमचे पाच टक्के नापास?"

"पाच टक्के नाही, साहेब. वनिता. गणितात. पुढल्या वर्षी होईल." आणि झालीही.

गुरुजी निवृत्त झाले. पुढे गावात कॉन्व्हेंटच्या गाड्या येऊ लागल्या आणि दोन-तीन वर्षांत सातवी बंद झाली. तोवर गुरुजींनी अंथरूण धरलं होतं. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला दारातच बजावलं, "त्याइले सांगजा नोका."

मी खाटेजवळ बसलो. त्यांनी विचारलंच. "सातवीचा पट किती हाय?"

कचेरीत मी कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. "वीस," म्हणालो.

"हजर?"

"वीस."

खिडकीबाहेरून कापसाने भरलेली बैलबंडी चालली होती. गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले.

"वेचणी चालू असतानी वीसच्या वीस?" ते हसले आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तुमाले नाई जमत, साडभाऊ."

मग डोळे मिटून त्यांनी हळूहळू नावं पुकारायला सुरुवात केली. मी बोटांवर मोजत होतो. चौदाव्या नावाला माझ्या मुलीचं नाव आलं. मी म्हणालो, "हजर, गुरुजी."