काकांनी न फेकलेली बाटली

आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांच्या हातून काही टाकवतच नाही. पेनांची टोपणं, रिकामे खोके, बंद पडलेलं घड्याळ, सगळं ड्रॉवरमध्ये. "असू दे, लागेल कधीतरी." बावीस वर्षं ते पेशींना खाऊपिऊ घालतायत. रोज सकाळी उबेचं कपाट उघडून त्यांची विचारपूस करतात. घरी काकूंशी एवढं बोलत असतील असं मला नाही वाटत.

त्यातल्या एका बाटलीत एका शिंप्यांच्या मेंदूतल्या गाठीच्या पेशी होत्या. गाठ एकदा काढली होती, वर्षाच्या आत परत आली. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी, तुकडा अभ्यासाला द्यायच्या कागदावर सही करताना त्यांच्या बायकोने विचारलं, "सगळी काढली होती ना, मग आली कशी? मी यांना लवकर मशीनवर बसू दिलं, म्हणून तर नाही?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आमच्या बाई शोधून सांगतील." झालं. शब्द यांनी दिला, निस्तरायचं मी.

माझा संशय गाठीतल्या मूळ पेशींवर होता. असतात मोजक्या, पण भारी चिवट. ऑपरेशनच्या आधीच त्यातल्या काही हळूच बाहेर सरकून चांगल्या मेंदूत जाऊन बसतात आणि तिथून पुन्हा गाठ उभी करतात. या गाठीतही तसंच होतं का, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

या पेशी बाटलीच्या तळाला चिकटत नाहीत, छोटे गोळे करून तरंगतात. माझा हात मात्र दुसऱ्या पेशींवर बसलेला. तिथे तरंगतात त्या मेलेल्या, ओढायच्या आणि टाकायच्या. एका सोमवारी मी सवयीने तेच केलं, वरचं सगळं थेट जंतुनाशकात. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर बाटली रिकामी. शिंप्यांचं तिसरं ऑपरेशन होणार नव्हतं, म्हणजे नवा तुकडाही मिळणार नव्हता.

काकांना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. "रागावणार नसाल तर एक दाखवतो."

कपाटाच्या कोपऱ्यात हात घालून त्यांनी एक बाटली काढली. गेल्या आठवड्यात गोळे वेगळे करताना उरलेलं त्यात होतं. मीच झापलं होतं, "काका, हे कपाट म्हणजे तुमचा ड्रॉवर आहे का? फेका ते." तेव्हा हो म्हणाले होते. बाटलीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी, 'फेकायचे आहे.' आत सात गोळे, जिवंत.

ते वाढवले, मेंदूसारख्या मऊ जेलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी गोळ्यातून एकेक पेशी लांबुळकी होऊन बाहेर निघालेली दिसली.

शिंपी तपासणीला आले तेव्हा आम्ही फोटो घेऊन गेलो. त्यांच्या बायकोने तो बराच वेळ पाहिला.

"या आधीच पसार झालेल्या असतात," काका म्हणाले. "डॉक्टरांना सापडणार कशा?"

"म्हणजे मशीनमुळे नाही?"

"नाही हो."

"गाठ परत आल्यापासून हेच सांगतोय हिला," शिंपी म्हणाले.

त्यांची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. काका घाईने खिशात रुमाल शोधू लागले. निघाली तीन टोपणं. मी माझा रुमाल पुढे केला. माझेही डोळे भरले होते.