मेंदूचा थर
मेंदू आतड्याच्याच थरातून तयार होतो, असं मी तोंडी परीक्षेत ठणकावून सांगितलं. डॉक्टरकीचं पहिलं वर्ष. साफ चूक.

पोटातला गर्भ आधी तीन थरांचा असतो. बाहेरचा, मधला, आतला. कुठल्या थरातून काय बनतं, ते पाठ करावं लागतं. बाकीच्या पोरांकडं इंग्रजी अक्षरांच्या युक्त्या होत्या. माझी घरची. आबा, म्हणजे माझे वडील, वाटूरच्या शिवारात मेलेली जनावरं सोलायचे. मी पाय धरायचो. आधी निघतं कातडं : बाहेरचा थर. मंग मांस, हाडं : मधला. मंग आतडी : आतला. कवटी सगळ्यात शेवटी फुटायची. म्हणून मेंदू मी आतल्या थरात ढकलला.

"हे कुठल्या पुस्तकात वाचलं?" सरांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. सुरीसकट. वाटलं, युक्तीचे तरी मार्क मिळतील.

सरांनी टेबलावरचं गर्भाचं मॉडेल स्वतःकडं ओढलं. "आधी हात धुऊन ये. मग याला हात लाव."

सोबतचे तिघं हसले. मीपण हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. आणि गेलो की धुवायला. दोनदा साबण लावला.

बोटं चोळता चोळता पुस्तकातली ओळ आठवली. कातडीचा वरचा पापुद्रा आणि मेंदू, दोन्ही बाहेरच्याच थरातले. तोच थर आत वळतो अन् मेंदू होतो. म्हणजे ज्या कातडीचा सरांना विटाळ, तिच्याच भावकीतला त्यांचा मेंदू.

हसू थांबलं.

परत आलो. ओले हात तसेच मॉडेलवर ठेवले. दोन्ही. म्हणालो, "सर, उत्तर माझं चुकलं. आबाचं काम चुकलेलं न्हाई."

टेबलावर पाणी ठिबकत होतं. कुणी हसलं नाही.

नापास झालो. चुकीच्या उत्तरासाठी की ओल्या हातांसाठी, ते सरांनाच ठाऊक.

संध्याकाळी आबांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. म्हणालो, "फेरपरीक्षेला हेच सर राहतील. मी हीच युक्ती सांगणार. मेंदू दुरुस्त करून. तुमचं नाव घेऊन, सुरीसकट. पुन्हा नापास केलं तर पुन्हा सांगणार."

वाटलं, शाबासकी मिळेल.

आबा म्हणाले, "ते समदं बराबर हाय. पण तू हात धुवायला गेल्ताच कशाला, येड्या?"