मित्सुएची चार चाकं

जपानच्या उत्तरेकडच्या नायोरो गावात हिमकिडे उडायला लागले की शहाणी माणसं गाडीचे टायर बदलून बर्फावर न घसरणारे हिवाळी टायर चढवून घेतात. कापसाच्या कणाएवढे पांढरे किडे, पण ते दिसले की बर्फ दारात आलाच म्हणून समजावं. मित्सुए हिरानुमाच्या घरी हे काम नवरा करायचा. ती शेजारी उकिडवी बसून त्याच्या हातात एकेक नट द्यायची आणि वर त्याची बोलणीही खायची. यंदा वसंतात नवरा गेला. किडे मात्र वेळेवर आले.

त्यांच्या मागोमाग मुलाचा, कात्सुनोरीचा फोन आला. ओसाकाला त्याचं नूडल्सचं दुकान. आईनं सत्तरी ओलांडली, आता बर्फात गाडी चालवणं पुरे. आपण येऊन तिला पोलीस ठाण्यात नेणार आणि म्हातारी माणसं करतात तसं तिचं लायसन्स तिथे परत करून टाकणार, असं त्यानं परस्पर ठरवलंही होतं. मित्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वस्तीत बस नावापुरती. गाडी गेली म्हणजे बाजार गेला, गरम पाण्याचे झरे गेले, तिथे भेटणाऱ्या मैत्रिणी गेल्या. उरणार काय, तर खिडकीत बसणं.

"आणि टायर कोण बदलणार तुझे?" मुलानं विचारलं. एवढं त्यानं विचारायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कंबर कसली. आधी जॅक लावून चाक उचललं, मग पाना लावला, तर नट सुटण्याऐवजी चाकच गरगर फिरायला लागलं. कुंपणापलीकडून ओनोदेरा म्हातारा हसला. "काय मित्सुएबाई, जत्रेतलं सोडतीचं चक्र फिरवताय का?" तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी खाली घेतली, चाक जमिनीवर टेकवून नट सैल केले आणि मग पुन्हा उचलली. चाक जड होतं, तर बर्फाचं फावडं खाली सरकवून तिनं ते अलगद जागेवर चढवलं. नट समोरासमोरचे आवळले, नवरा आवळायचा तसेच. मधे चाक निघालेलं असताना ती आत डोकावली होती, तर ब्रेकचे पॅड झिजून पापडासारखे पातळ झालेले. ते गॅरेजात नेऊन बदलून घेतले. नवऱ्याच्या हे लक्षात आलं नसतं, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचाच थोडा अभिमानही वाटला.

कात्सुनोरी आला तो विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन, ओल्या बर्फाचा चिखल उडवत. सवयीनं खस्सकन हँडब्रेक ओढला आणि सूप प्यायला आत गेला. याच अंगणात वाढलेला मुलगा, पण ओसाकाच्या हवेनं सगळं विसरला होता. सकाळी गाडी जागची हलेना. ओले ब्रेक गोठून चाकांना घट्ट चिकटले होते. तो किटली घेऊन धावला, तेव्हा ती व्हरांड्यातून म्हणाली, "पाणी ओतू नकोस, तेही गोठेल. हिवाळ्यात इथे हँडब्रेक कुणी ओढतं का रे? चल, माझ्या गाडीत बस. तुझ्या पोलीस ठाण्यात मीच सोडते तुला."

तिच्या गाडीनं एका दमात अंगण सोडलं. पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक आडवा घसरला. कात्सुनोरीनं डॅशबोर्ड धरला. मित्सुएनं गिअर उतरवला, ब्रेकवर पाय हलकेच टेकवला आणि गाडी ट्रकच्या बरीच अलीकडे निमूट उभी राहिली.

पोलीस ठाण्याच्या आवारात तिनं गाडी लावली. हँडब्रेकला हात लावला नाही. कात्सुनोरीनं पट्टा सोडलाच नाही.

"ब्रेक कुणी केले?" त्यानं विचारलं.

"पॅड गॅरेजवाल्यानं घातले. चाकं मी."

"एकटीनं?"

"मग काय ओनोदेराला बोलावू?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, गाडी वळव. घरी जाऊ."

मित्सुएला इतका आनंद झाला की तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. पण तिनं आधी आपली अट घातली.

"पुढच्या वर्षी हिमकिडे उडाले की ये," ती गाडी वळवत म्हणाली. "माझ्या हातात नट द्यायला माणूस लागतो."